तोट्याचा ताळा

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या तिसाव्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तुझ्या कामातलं काहीतरी सांग, पण झोप येईल असं नको." मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे दुसरी अट जरा कठीणच होती. म्हणून विषय असा निवडला की, या हॉलमधल्या निदान निम्म्या लोकांचा हात आपोआप खिशातल्या फोनकडे जाईल. विषय आहे शेअर बाजारातले ऑप्शन्स, आणि त्यातही एका बुडालेल्या सौद्याची तपासणी.

सौदा माझा नाही. मी ऑप्शन्समध्ये व्यवहार करत नाही. तो आपल्याच तुकडीतल्या एका मित्राचा आहे. नाव सांगणार नाही, आणि त्यानं हात वर करायचीही गरज नाही. त्याच्या परवानगीनं बोलते आहे. त्याची अट एकच होती: "माझी कीव येईल असं सांगू नकोस, उपयोग होईल असं सांग." ओळख पटू नये म्हणून बाजाराच्या पातळ्या थोड्या बदलल्या आहेत. दलाली आणि कर सोडून हिशेब केला आहे, म्हणजे खरा तोटा याहून थोडा जास्तच.

आधी माझा या प्रकरणाशी संबंध काय, ते सांगते. आमच्या क्षेत्रात एखादी यंत्रणा बंद पडली, लोकांचे पैसे अडकले, तिकिटं निघेनात, तर ती सुरू केल्यावर काम संपत नाही. दोन-तीन दिवसांत सगळे एकत्र बसतात आणि घटनेची तपासणी लिहून काढतात. किती वाजता काय झालं, कोणाला काय दिसत होतं, कोणता निर्णय कशाच्या आधारावर घेतला. तिथे एक शिस्त कटाक्षानं पाळली जाते: दोषी माणूस शोधायचा नाही. "अमक्यानं हलगर्जीपणा केला" असं लिहिलं की तपासणी तिथेच संपते, आणि पुढच्या वेळी अमका माहिती लपवतो. मित्रानं तोट्याची गोष्ट सांगितली तेव्हा त्याचं पहिलं वाक्य होतं, "मी मूर्ख आहे." मी त्याला म्हटलं, हे वाक्य तपासणीत चालत नाही. त्यातून पुढे काय करायचं ते कळत नाही.

ज्यांना ऑप्शन म्हणजे काय हे माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्याकडे जमिनीच्या व्यवहारात इसार देतात. समजा तुम्ही एका जागेसाठी इसार दिलात, ठरलेल्या भावानं ती घ्यायचा हक्क तुम्हाला मिळाला, पण मुदत आहे येत्या गुरुवारपर्यंत, आणि इसार परत मिळणार नाही. गुरुवारपर्यंत जागेचा भाव ठरलेल्या भावाच्या वर गेला तर तुमचा फायदा. नाही गेला तर इसार गेला. कॉल ऑप्शन विकत घेणं हे साधारण असंच आहे. जागेऐवजी निफ्टी हा निर्देशांक, आणि इसाराला म्हणायचं प्रीमियम. एक फरक मात्र आहे. हा इसार रोज बाजारात विकता येतो, आणि मुदत जवळ येते तसा, बाकी काहीही न बदलता, तो स्वस्त होत जातो. उन्हात ठेवलेल्या बर्फाच्या लादीसारखा.

आता सौदा. जुलै २०२५. तेव्हा निफ्टीच्या साप्ताहिक ऑप्शन्सची मुदत गुरुवारी संपायची. १ सप्टेंबर २०२५ पासून ती मंगळवारी संपते. एक लॉट तेव्हा ७५ चा होता.

मंगळवार, दुपारी बारा. निफ्टी २४,८५०. मित्राचं मत होतं की बाजार वर जाणार. त्यानं २५,००० चा कॉल ६० रुपयांना घेतला. चार लॉट, म्हणजे ३०० नग, १८,००० रुपये. फोनमध्ये एक टिपण लिहून ठेवलं: "साठला घेतला. चाळीसला बाहेर. एकशेवीसला विकणार." हे टिपण लक्षात ठेवा.

बुधवार, सकाळी अकराच्या सुमारास. भाव चाळीसच्या खाली गेला. दुकानात गिऱ्हाईक होतं. एक वाजता त्यानं फोन बघितला, तर भाव ३४. तो बाहेर पडला नाही. उलट आणखी ३०० नग ३४ ला घेतले, म्हणजे १०,२०० रुपये. याला बाजारात ॲव्हरेज करणं म्हणतात.

गुरुवार, दुपारी बारा. निफ्टी २४,९३० वर. मंगळवारपेक्षा ८० अंकांनी वर. तरी त्याच्या कॉलचा भाव २६. दोन वाजता तो १४ वर आला. मग त्यानं २४,९५० चा दुसरा कॉल २८ ला घेतला, सहा लॉट, ४५० नग, १२,६०० रुपये. मुदतीच्या दिवशी शेवटच्या दीड तासात घेतलेल्या अशा सौद्याला हौशी मंडळी "हीरो की झीरो" म्हणतात. निफ्टी बंद झाला २४,९४२ वर. दोन्ही कॉल शून्य. दुसरा तर आठ अंकांनी हुकला.

एकूण तोटा ४०,८०० रुपये.

आता तपासणी. ती कशी लिहायची, यावर आम्ही थोडं अडलो. मी कामावर वापरतो तसा तक्ता त्याला पाठवला. त्यानं तो उघडून बंद केला. मग मला आपली शास्त्राची प्रयोगवही आठवली. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. याहून चांगला तक्ता मी आजतागायत पाहिलेला नाही. फक्त एक पथ्य पाळायचं. आपल्यापैकी काही जण अनुमान आधी लिहून मग त्याला जुळतील अशी निरीक्षणं भरायचे. बाई समोरच बसल्या आहेत, म्हणून नावं घेत नाही. तेवढं करायचं नाही.

उद्देश. सौदा का घेतला? त्यानं लिहिलं, "बाजार वर जाणार होता." मी विचारलं, किती आणि कधीपर्यंत? हा प्रश्न त्यानं स्वतःला विचारलेलाच नव्हता. २५,००० चा कॉल ६० ला घेतला, तर मुदतीच्या दिवशी निफ्टी २५,०६० च्या वर गेला तरच पैसे सुटतात. म्हणजे अडीच दिवसांत २१० अंक. "वर जाणार" हे एक मत आहे. "गुरुवारपर्यंत २१० अंकांहून जास्त वर जाणार" हे अगदी वेगळं मत आहे, आणि त्यानं पैसे दुसऱ्या मतावर लावले होते. निफ्टी खरोखर ९२ अंक वर गेला. त्याचं पहिलं मत बरोबर ठरलं आणि पैसे तरीही पूर्ण गेले.

साहित्य. म्हणजे त्या वेळी हातात काय होतं? बँकांचे तिमाही निकाल, एका वाहिनीवरची चर्चा, आणि फोन. चाळीसला बाहेर पडायची ऑर्डर बाजारात लावलेली नव्हती. ती फक्त टिपणात होती.

कृती. इथे एक नियम: आठवणीतून काही लिहायचं नाही. ब्रोकरच्या नोंदीत प्रत्येक ऑर्डरची वेळ मिनिटासकट असते, ती उतरवून घ्यायची. याचा फायदा लगेच दिसला. मित्राला पक्कं आठवत होतं की, "बुधवारी बाजार पडला म्हणून मी अडकलो." नोंदी काढल्या, तर बुधवारी निफ्टी मंगळवारच्या पातळीच्या वीस-तीस अंकांच्या आतच घुटमळत होता. बाजार पडलाच नव्हता. कॉल ६० वरून ३४ वर आला तो जवळजवळ निव्वळ एक दिवस सरल्यामुळे. आपली स्मरणशक्ती आपल्या बाजूनं साक्ष देते. म्हणून साक्षीदार म्हणून घड्याळ बरं.

निरीक्षण. हा तपासणीचा गाभा. आम्ही ४०,८०० रुपयांचे चार तुकडे केले.

पहिला तुकडा: ठरवल्याप्रमाणे चाळीसला बाहेर पडला असता तर झालेला तोटा. वीस गुणिले तीनशे, ६,००० रुपये.
दुसरा: चाळीसला बाहेर न पडल्यामुळे झालेला. चाळीस गुणिले तीनशे, १२,०००.
तिसरा: ॲव्हरेज केल्यामुळे झालेला, १०,२००.
चौथा: शेवटच्या दीड तासातला, १२,६००.

ताळा करून बघा, बेरीज ४०,८०० च येते.

हे तुकडे कागदावर पडले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. कारण आतापर्यंत तो म्हणत होता, "माझा अंदाज चुकला." अंदाजाची किंमत होती ६,००० रुपये, आणि ती त्यानं स्वतः आधीच मान्य करून लिहून ठेवली होती. बाकीचे ३४,८०० अंदाजाशी संबंधित नव्हतेच. शंभरातले पंच्याऐंशी रुपये ठरवलेलं न पाळल्याचे होते. या दोन तोट्यांना एकच नाव दिलं की माणूस पुढच्या वेळी चांगला अंदाज शोधत फिरतो: नवी वाहिनी, नवा क्लास, नवा टेलिग्राम ग्रुप. आणि गळती मात्र दुसरीकडेच असते.

तिसऱ्या तुकड्याबद्दल थोडं अधिक सांगते, कारण "भाव खाली आला की घ्यावं" हे आपल्याला शहाणपणाचं वाटतं. चांगल्या कंपनीच्या शेअरमध्ये कधी ते शहाणपणाचं असेलही. तिथे मुदत नसते. इथे गणित बघा. साठ आणि चौतीसची सरासरी सत्तेचाळीस. पैसे सुटायची पातळी २५,०६० वरून २५,०४७ वर आली. म्हणजे १०,२०० रुपये जास्त घालून फक्त तेरा अंकांची सूट मिळाली, आणि दरम्यान हातातला एक पूर्ण दिवस खर्च झाला होता. सौदा सुधारला नव्हता, मोठा झाला होता.

तोट्यातली गोष्ट धरून ठेवायची ही ओढ एकट्या आपल्या मित्राची नाही. हर्ष शेफ्रिन आणि मेयर स्टॅटमन या अभ्यासकांनी १९८५ मध्ये तिच्यावर लिहिलं. टेरन्स ओडीन यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या एका ब्रोकरकडची दहा हजार खाती तपासून दाखवलं की, लोक नफ्यातले शेअर चटकन विकतात आणि तोट्यातले ठेवून देतात. विकलं की तोटा खरा होतो, न विकता तो "सध्या दिसतोय" एवढाच राहतो, अशी मनाची समजूत. शेअर ठेवून दिला तर निदान शेअर राहतो. साप्ताहिक ऑप्शन ठेवून दिला तर मुदत संपल्यावर काहीच राहत नाही.

अनुमान. इथे आमच्या धंद्यातली एक सवय कामी आली. घटनेनंतर "यापुढे अधिक काळजी घेऊ" असं लिहिलेलं आम्ही स्वीकारत नाही. जे काम दुसऱ्या माणसाला तपासता येईल किंवा यंत्राला करता येईल, तेच लिहायचं. मित्राचा पहिला मसुदा होता: "संयम ठेवीन. लोभ करणार नाही." मी विचारलं, महिन्यानंतर तू संयम ठेवलास की नाही हे मी कसं तपासू? मग आम्ही एकेका तुकड्याला "का?" असं विचारत गेलो. चाळीसला बाहेर का पडला नाहीस? बघितलं नाही. का बघितलं नाही? दुकानात गिऱ्हाईक होतं. मग बाहेर पडणं तुझ्या बघण्यावर का अवलंबून होतं? कारण ऑर्डर लावलेली नव्हती. हे उत्तर उपयोगाचं होतं. त्यातून हे चार नियम निघाले.

एक. घेण्याची ऑर्डर पूर्ण झाली की लगेच स्टॉप-लॉस ऑर्डर बाजारात लावायची. ती लावायला वेळ नसेल तर सौदा घ्यायलाही वेळ नाही.
दोन. तोट्यात असलेल्या ऑप्शनमध्ये भर घालायची नाही. एकदाही नाही.
तीन. मुदतीच्या दिवशी नवा सौदा नाही.
चार. घेण्याआधी एका ओळीत लिहायचं: कुठपर्यंत, कधीपर्यंत, आणि चुकलं तर किती रुपये.

पहिल्या नियमाची मर्यादाही सांगायला हवी. ऑप्शन्समधली स्टॉप-लॉस ऑर्डर एका ठरावीक किमतीपर्यंतच विकायला तयार असते. भाव झपाट्यानं ती किंमत ओलांडून गेला तर ऑर्डर तशीच पडून राहते. ४ जून २०२४ आठवा, लोकसभेच्या मतमोजणीचा दिवस. आदल्या दिवशी निफ्टी तीन टक्क्यांहून जास्त वर होता, आणि त्या दिवशी जवळजवळ सहा टक्के खाली बंद झाला. अशा दिवशी स्टॉप-लॉसच्या भरवशावर मोठा सौदा करणं म्हणजे पुरात छत्री उघडणं. म्हणून चुकलं तर जाणारी रक्कम आधीच इतकी लहान हवी की, पूर्ण गेली तरी घरच्या हिशेबाला धक्का लागू नये.

आता गणिताच्या सरांची एक गोष्ट. सर पायऱ्यांना मार्क द्यायचे. उत्तर चुकलं तरी पायऱ्या बरोबर असतील तर मार्क मिळायचे. आणि पायऱ्यांशिवाय नुसतं बरोबर उत्तर लिहिलं तर सर वहीवर लाल शाईनं विचारायचे, "कुठून आलं?" सौद्यांची तपासणी करताना हाच प्रश्न नफ्यातल्या सौद्यांनाही विचारायचा. मित्राच्या जुन्या नोंदींत असाच एक सौदा सापडला: ॲव्हरेज केलेला, स्टॉप-लॉस नसलेला, आणि शेवटच्या तासात बाजार उसळल्यामुळे ९,००० रुपये नफा झालेला. तो त्याला आपला सर्वांत चांगला सौदा वाटायचा. आमच्या तक्त्यात तो नापास झाला. जुलैतल्या तोट्याची सवय त्या नफ्यानंच लावली होती.

त्यानंतर सहा महिने त्यानं वही ठेवली. दर शनिवारी संध्याकाळी एक पान. वाचणारी व्यक्ती मी नव्हे, त्याची बायको. त्याआधी तिला या व्यवहारांचा पत्ताच नव्हता, आणि त्याच्या म्हणण्यानुसार ४०,८०० चा आकडा बाजारात जायला तीन दिवस लागले, घरात सांगायला तीन आठवडे. पण सांगितल्यावर सगळ्यात कडक तपासनीस तीच निघाली. "ही ओळ सौदा घेण्याआधी लिहिली आहे की नंतर?" हा तिचा प्रश्न मी आता माझ्या कामावरही विचारते.

सहा महिन्यांत तेवीस सौदे झाले. एकवीस सौद्यांत चारही नियम पाळले गेले. मोठा तोटा एकही झाला नाही. आणि दलाली, कर वजा जाता शेवटी हिशेब होता साडेतीन हजार रुपये तोट्याचा.

हा निकाल मी तुमच्यापासून लपवू शकले असते. शिस्त आली आणि नफा सुरू झाला, असं सांगितलं असतं तर भाषण छान झालं असतं. पण वहीनं जे दाखवलं ते असं: शिस्तीनं तोटा लहान झाला, ओळखता येण्याजोगा झाला. प्रतिकूल खेळ अनुकूल करणं शिस्तीच्या हातात नव्हतं. आणि हे त्याला कळलं तेही शिस्त आल्यामुळेच. आधी प्रत्येक तोट्याला काहीतरी निमित्त होतं: गिऱ्हाईक आलं, नेट गेलं, आठ अंकांनी हुकलं. निमित्तं संपल्यावर उरला तो खरा आकडा. जानेवारीत त्यानं साप्ताहिक ऑप्शन्स बंद केले. कोणी बंद करायला लावले नाहीत. तेवीस पानं वाचून त्यानं स्वतः ठरवलं.

तो एकटा नाही, हे सांगायला थोडे आकडे. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. खर्च वजा जाता एक लाखाहून जास्त नफा मिळवणारे जेमतेम एक टक्का. २०२४ मधले ७२ टक्क्यांहून अधिक ट्रेडर्स देशातल्या पहिल्या तीस शहरांबाहेरचे होते, म्हणजे आपल्यासारख्या गावांतले. पुढच्या, म्हणजे २०२५ च्या आर्थिक वर्षातही ९१ टक्के तोट्यातच राहिले. ९३ आणि ९१. आपल्या तुकडीचा निकाल उलट्या बाजूनं एवढा चांगला लागला असता तर हेडमास्तरांनी पेढे वाटले असते.

तुमच्यापैकी जे हे व्यवहार करतात, त्यांना उपदेश करायचा मला अधिकार नाही. एक विनंती करते. गेल्या सहा महिन्यांतला सगळ्यात मोठा तोट्याचा सौदा घ्या, ब्रोकरच्या नोंदी काढा आणि त्याचे तुकडे करा: ठरवलेला तोटा किती, आणि न पाळल्याचा किती. ठरवलेलं काही लिहिलेलंच नसेल, तर पहिला आकडा शून्य धरा. मग ते पान तुमच्या व्यवहारात ज्याला काही विकायचं नाही अशा एका माणसाला दाखवा. आणि एक कामाची गोष्ट: पगारदारांनो, ऑप्शन्समधला तोटाही विवरणपत्रात दाखवावा लागतो, त्यासाठी आयटीआर-३ भरावा लागतो. वेळेत भरला तर तो तोटा पुढची आठ वर्षं ओढता येतो. लपवलेला तोटा तिथेही महागच पडतो.

आणि जे हे व्यवहार करत नाहीत, त्यांच्यासाठी. आपल्या ग्रुपवर कोणी नफ्याचा स्क्रीनशॉट टाकला की पन्नास अंगठे वर होतात. तोट्याचा स्क्रीनशॉट मी तिथे आजवर पाहिलेला नाही. टाकणाऱ्याला काय ऐकून घ्यावं लागेल, हे सगळ्यांना माहीत असतं. तीस वर्षांनी भेटलेल्या माणसांत एवढी तरी सोय हवी की, कोणी म्हणालं "माझे चाळीस हजार गेले", तर पहिला प्रश्न "कसे रे गेले?" असा यावा, आणि तो खरंच उत्तर ऐकण्यासाठी विचारलेला असावा.

वहीच्या शेवटच्या पानाचा फोटो मित्रानं मला पाठवला होता. त्यावर "अनुमान"च्या पुढे लिहिलं होतं: प्रयोग पूर्ण. सर, बाई, तुम्ही तपासणार असाल तर वही तो आनंदानं दाखवेल. पायऱ्या सगळ्या लिहिलेल्या आहेत.